ग्रॅनी स्मिथच्या आधीची मारिया

मोठ्या फळवाल्याकडे लाल सफरचंदांच्या शेजारी हिरवी सफरचंदे वेगळी रचून ठेवलेली असतात. कडक, आंबट, महिनोन्‌महिने टिकणारी. अंगावरच्या बारीक चिकटपट्टीवर ‘ग्रॅनी स्मिथ’ असे छापलेले असते. पुष्कळांना ते एखाद्या कंपनीचे नाव वाटते, पण ते एका बाईचे आहे. मारिया ॲन स्मिथ, माहेरची शेरवुड. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात १७९९ च्या अखेरीस जन्मली आणि ९ मार्च १८७० रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ वारली. शेतमजुराची मुलगी, शेतमजुराची बायको. वयाची चाळिशी जवळ आली असताना पाच मुले बरोबर घेऊन तिने समुद्र ओलांडला आणि पुन्हा मायदेश पाहिला नाही.

तिच्याबद्दलची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. एक म्हातारी स्वयंपाकासाठी सफरचंदे चिरत होती, साली आणि बिया तिने खिडकीतून बाहेर टाकल्या, तिथे झाड उगवले आणि त्याला हे फळ लागले. गोष्ट गोड आहे, पण तिच्यात मारियाने स्वतः केलेले काम एकच आहे, कचरा टाकणे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड सोडून गेलेल्या लाखो बायकांच्या वाट्याला इतिहासात एवढीही जागा आली नाही हे खरे. पण मारियाच्या बाबतीत कागद पुरेसे आहेत. ते एकापुढे एक मांडले, की खिडकीतून साली टाकणारी म्हातारी मागे पडते आणि एक कष्टाळू, जाणती बागाईतदार बाई समोर येते.

पहिला कागद पीसमार्श गावच्या चर्चच्या दप्तरातला. ५ जानेवारी १८०० रोजी जॉन आणि हॅना शेरवुड यांच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला होता. त्यामुळे गरिबातल्या गरीब माणसाचेही नाव आयुष्यात निदान तीनदा शाईने लिहिले जाण्याची सोय झाली. मारियाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी नोंद कशी लिहायची याचा साचा ठरलेला नव्हता. बापाचा धंदा, राहण्याचे ठिकाण हे रकाने असलेल्या छापील वह्या १८१३ पासून आल्या. तोवर पाद्रीबुवांना जेवढे लिहावेसे वाटले तेवढेच मागे राहिले.

इंग्लंडमधल्या घराण्यांचा शोध घेणारे लोक बहुधा उलट्या दिशेने चालतात, नातवाकडून आजोबांकडे. बाईचा शोध घेताना ही वाट लग्नापाशी अडते. १८१३ नंतरच्या छापील बाप्तिस्मा-नोंदीत आईचे नुसते पाळण्यातले नाव असे, माहेरचे आडनाव विचारलेच जात नसे. म्हणजे मुलांच्या नोंदींवरून हाती येते ते ‘टॉमस आणि मारिया स्मिथ’. इंग्लंडमधल्या सर्वांत सर्रास आडनावाखाली आणि दोन अगदी साध्या नावांखाली ती बाई दिसेनाशी होते. लग्नाची नोंद सापडेपर्यंत तिला माहेर नसते, आईबाप नसतात.

मारियाच्या लग्नाची नोंद पीसमार्शला नाही, ससेक्सलाही नाही. ती रॉदर नदीपलीकडे केंट परगण्यात, इबनी नावाच्या वस्तीतल्या चर्चमध्ये आहे. ८ ऑगस्ट १८१९ रोजी टॉमस स्मिथ आणि मारिया शेरवुड यांचे लग्न लागले. नवरा शेतमजूर, नवरी एकोणीस वर्षांची. दोघांनीही सहीच्या जागी खूण केली. १७५४ पासून इंग्लंडमध्ये वधूवरांनी लग्नाच्या नोंदीवर सही किंवा खूण करणे सक्तीचे होते. मारियाच्या स्वतःच्या हातचे जे काही उरले आहे ते एवढेच. जिथे ती खूण झाली ते चर्चही आता त्या जागी उभे नाही. इबनीची टेकडी ओस पडत गेली, तेव्हा १८५८ मध्ये चर्च दगड-दगड उतरवून जवळच्या रीडिंग स्ट्रीट या वस्तीत पुन्हा उभारले गेले. शोध घेणाऱ्याला गाव, नदी, परगणा आणि हलवलेले चर्च अशा चार गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्या लागतात. ससेक्सचे कागद एका दप्तरखान्यात असतात, केंटचे दुसऱ्या.

लग्नानंतर हे जोडपे पीसमार्शशेजारच्या बेकले गावी राहिले. तिथे त्यांची सुमारे एकोणीस वर्षे गेली. आठ मुले झाली. त्यांतली तीन तान्हेपणीच गेली. चर्चच्या दप्तरात हे दोन वेगळ्या वह्यांत विभागलेले असते, बाप्तिस्म्याच्या एका आणि दफनाच्या दुसऱ्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा जुळवायला बसले, की घराचे दुःख तारखांमधून वर येते. त्यावर कुणी एक शब्दही लिहिलेला नसतो.

बाहेरची परिस्थिती त्याहून कठीण होती. नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ मध्ये संपले, धान्याचे भाव कोसळले आणि सैन्यातून सुटलेले तरुण गावी परतले. काम कमी आणि हात जास्त अशी दक्षिण इंग्लंडची अवस्था झाली. त्यात मळणीयंत्र आले. हिवाळ्यात शेतमजुराला हमखास मिळणारे काम म्हणजे खळ्यावर झोडपणी, तेच यंत्राने काढून घेतले. १८३० च्या ऑगस्टअखेर केंटमध्ये मजुरांनी पहिले मळणीयंत्र फोडले आणि शरद ऋतू संपेपर्यंत हे लोण ससेक्सवरून दक्षिणेकडच्या बहुतेक परगण्यांत पोचले. जमीनदारांना येणाऱ्या निनावी धमकीपत्रांवर ‘कॅप्टन स्विंग’ अशी सही असे, त्यावरून हे ‘स्विंगचे दंगे’. काही जण फासावर गेले आणि सुमारे पाचशे जणांना ऑस्ट्रेलियाच्या कैदी वसाहतींत हद्दपार करण्यात आले. टॉमस आणि मारिया याच मुलखात, याच धंद्यात होती.

पुढचा घाव १८३४ च्या गरीब-कायद्याचा. तोवर मजुरी अपुरी पडली तर गावाच्या करातून कुटुंबाला थोडी मदत मिळे. नव्या कायद्याचा रोख असा, की धडधाकट माणसाला घरबसल्या मदत नाही. मदत हवी तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या घरात, यायचे, आणि तिथे नवरा, बायको, मुले यांना वेगवेगळे ठेवायचे. पाच मुलांच्या आईला ही शक्यता काय वाटली असेल ते समजायला कागद लागत नाही. याच कायद्यात आणखी एक कलम होते. गरिबांना परदेशी धाडण्याचा खर्च गावाने कर्ज काढून करावा, अशी मुभा त्यात दिली होती. मजूर आपल्या गावातून कमी झाला की कर कमी होतो, हा हिशेब त्यामागे होता.

तिकडे ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स या वसाहतीत मजूर हवे होते. १८३१ नंतर त्या वसाहतीत सरकारी जमीन फुकट देणे बंद करून विकायला सुरुवात झाली, आणि विक्रीच्या पैशांतून इंग्लंडमधल्या कामकरी कुटुंबांचे जहाजभाडे भरले जाऊ लागले. ही व्यवस्था नीट समजून घेतली पाहिजे. विकली जात होती ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची होती. स्मिथ कुटुंब पुढे जिथे राहिले, त्या राइडच्या परिसरात वॉलुमेडेगल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. त्यांना विचारून किंवा मोबदला देऊन ती जमीन घेतलेली नव्हती. ससेक्समध्ये भाकरीला महाग झालेल्या बाईचे तिकीट हजारो मैलांवरच्या दुसऱ्या एका समाजाच्या जमिनीतून निघाले. यात मारियाचा दोष नाही, पण तिची गोष्ट सांगताना हे वगळले तर ती अर्धीच राहते.

१८३८ मध्ये वसाहतीचे सरकारी प्रतिनिधी केंट-ससेक्समध्ये शेतीकामाची माणसे शोधत आले. बेकलेतल्या काही कुटुंबांनी जायचे ठरवले, त्यांत स्मिथ होते. शेजारपाजार बरोबर निघाला ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या बाईने तीन मुले पुरली, ती त्या थडग्यांपासून कायमची दूर निघाली होती. अशा वेळी डेकवर दोन ओळखीचे चेहरे असणे केवढा आधार असेल!

जहाजाचे नाव ‘लेडी नुजंट’, आणि इथे ही गोष्ट आपल्या किनाऱ्याला लागते. ‘लेडी नुजंट’ मुंबईत बांधलेले जहाज होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईची गोदी मलबारी सागाच्या जहाजांसाठी नावाजलेली होती. वाडिया घराण्यातले उस्ताद आणि त्यांच्या हाताखालचे सुतार तिथे ब्रिटिश आरमारासाठीही लढाऊ जहाजे बांधत. सागाच्या लाकडात तेल असते, ते सहजी कुजत नाही, सहसा कीड लागत नाही. म्हणून ही जहाजे दशकानुदशके चालत. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. ‘लेडी नुजंट’ने मारियाच्या आधी कैदी ऑस्ट्रेलियाला नेले होते. पुढे १८४१ मध्ये वसाहतकरी न्यूझीलंडला नेले आणि १८५४ मध्ये मद्रासहून रंगूनकडे सैनिक नेताना ते बुडाले. ज्या फळ्यांवर पूर्वी बेड्या घातलेले लोक झोपले, त्याच फळ्यांवर स्मिथांची मुले झोपली. २७ नोव्हेंबर १८३८ रोजी जहाज सिडनीला पोचले.

सरकारी खर्चाने येणाऱ्यांच्या याद्या होत. नाव, वय, मूळ गाव, धंदा, लिहिता-वाचता येते का, असा तपशील या याद्यांत भरला जाई. माणसाच्या भाड्याचे पैसे सरकारने दिले, म्हणून सरकारने माणसाची चौकशी केली. गरिबाचा इतिहास मिळतो तो असाच, कुणीतरी त्याच्यावर खर्च केला किंवा त्याच्याकडून वसूल केला त्या जागी. आपल्या कोकणातून त्याच दशकापासून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांच्याही वंशजांना पणजोबांचे गाव सापडते ते मळेवाल्यांच्या आणि सरकारच्या नोंदवह्यांत, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या. जहाजे वेगळी, अटी फार वेगळ्या. मजुराला कागदावर आणणारे साम्राज्य एकच.

याद्यांनंतर मात्र मारिया बराच काळ कागदावरून जाते. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली आणि मारिया पुढच्याच वर्षी निघून गेली. घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहिणारी पहिली शिरगणती तिथे १८४१ मध्ये झाली, तेव्हा ती तिथे नव्हती. न्यू साउथ वेल्सच्या १८४१ च्या शिरगणतीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे, बाकीच्यांचे नुसते आकडे. वसाहतीच्या नंतरच्या शिरगणत्यांचे पुष्कळ कागद सिडनीच्या गार्डन पॅलेस या इमारतीत होते. ती इमारत २२ सप्टेंबर १८८२ च्या पहाटे जळून खाक झाली. एका आगीत किती घरांच्या वंशावळी गेल्या असतील या विचाराने आजही चुटपुट लागते.

याच काळात कॅरोलाइन चिझम नावाची आणखी एक इंग्रज बाई सिडनीत आली होती. नवरा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत, त्यामुळे ती आली मद्रासहून, १८३८ च्याच सप्टेंबरात. बंदरावर निराधार उतरणाऱ्या मुलींसाठी तिने निवारा काढला, त्यांना गाड्यांत बसवून आतल्या मुलखात कामाला पोचवले, आणि १८४० च्या दशकाच्या मध्याला वसाहतभर फिरून साध्या वस्तीकरांची निवेदने लिहून घेतली. किती मजुरी मिळते, काय खाता, इथे येऊन बरे झाले का? त्या काळी या माणसांना असे प्रश्न विचारणारे दुसरे कोण होते? चिझम लिहू शकत होती, म्हणून तिचे चरित्र लिहिले गेले; खूण करणाऱ्या मारियाचे मात्र कागद जुळवावे लागतात.

स्मिथ कुटुंब पॅरामाटा नदीच्या उत्तरेला किसिंग पॉइंट भागात राहिले, म्हणजे आजचे राइड. टॉमसला तिथल्या एका वस्तीकराकडे काम मिळाले. १७९२ मध्ये इथे नौसैनिकांना जमिनी वाटल्या गेल्या, त्यावरून या मुलखाला ‘फील्ड ऑफ मार्स’, म्हणजे युद्धदेवाचे शेत, म्हणत. माती फळझाडांना मानवणारी, आणि नदीमार्गाने माल सिडनीच्या बाजारात नेता येई. दुसऱ्याच्या शेतात राबत, पै-पै जोडत सतरा-अठरा वर्षे गेली. १८५५-५६ च्या सुमारास टॉमसने जवळच्या ईस्टवुडला फील्ड ऑफ मार्सच्या गायरानालगत चोवीस एकर जमीन ६०५ पौंडांना घेतली. लग्नाच्या नोंदीवर खूण करणाऱ्या मजुराने ही रक्कम उभी केली. पण ती त्याने एकट्याने उभी केली असे मी मानत नाही. अशा घरात कोंबड्या, भाजी, फळे, बाजार, शिवण ही कामे बाईची असतात आणि त्यांतूनच शिल्लक पडते. त्या काळच्या कायद्याने विवाहित स्त्रीची कमाई आणि मालमत्ता नवऱ्याची. म्हणून खरेदीखत टॉमसचे, आणि त्यातले मारियाचे कष्ट कुठेही लिहिलेले नाहीत.

आता फळाकडे. त्याच्या जन्माची हकीकत छापली गेली ती १९२४ मध्ये, मारियाच्या मृत्यूनंतर चोपन्न वर्षांनी. हर्बर्ट रम्सी नावाच्या स्थानिक इतिहासकाराने मारियाला ओळखणाऱ्या दोन माणसांना गाठून त्यांच्या आठवणी ‘फार्मर अँड सेटलर’ या शेतकऱ्यांच्या वृत्तपत्रात दिल्या. त्यांतला एडविन स्मॉल हा फळबागाईतदार. १८६८ मध्ये तो बारा वर्षांचा असताना मारियाने त्याच्या वडिलांना आपल्या शेतावर बोलावले होते. ओढ्याकाठी एक नवे सफरचंदाचे झाड आले आहे, ते पाहून जा, म्हणाली. हे झाड कशाचे, तेही तिने सांगितले. टास्मानियात पिकलेल्या ‘फ्रेंच क्रॅब’ जातीच्या सफरचंदांचे उरलेसुरले तिने तिथे नेचांमध्ये टाकले होते, त्यांतून ते उगवले.

अडुसष्ट वर्षांची बाई काय करते आहे पाहा. ओढ्याकाठी आपोआप वर आलेले रोप तिने तणाबरोबर उपटले नाही. बियापासूनच्या सफरचंदाला फळ धरायला कैक वर्षे जातात, तेवढी ती थांबली. फळ चाखले, ते बागेतल्या इतर फळांहून वेगळे आहे हे ओळखले. टाकलेली फळे कोणत्या जातीची आणि कुठून आलेली, हे वर्षांनंतरही तिच्या ध्यानात होते. आणि मग त्या धंद्यातल्या माणसाला बोलावून तिने त्याचे मत घेतले. उरलेसुरले टाकले हा योगायोग. पुढचे सगळे निरीक्षण आणि निर्णय आहेत. ज्या मुलाने ते ऐकले, त्याने ते सहा दशकांच्या आसपास लक्षात ठेवले. मारियाचे बोलणे म्हणून आपल्यापर्यंत पोचलेले जवळजवळ एवढेच आहे, आणि ते झाडाच्या कुळाविषयी आहे.

सफरचंदाची बी आईबापांसारखे झाड देत नाही. हापूसची कोय लावली तर येणारे झाड हापूसच असेल याची खात्री कोकणातला कुणी बागाईतदार देत नाही, म्हणून तो कलम बांधतो. सफरचंदाचे तेच. प्रत्येक बी म्हणजे नवा जीव, त्यातले बहुतेक आंबट, तुरट, टाकाऊ. लाखात एखादा निघतो. तो जपायचा तर त्याच्या डहाळीचे कलम करून दुसऱ्या खुंटावर चढवावे लागते. आज फ्रान्स, चिली, दक्षिण आफ्रिका, अमेरिका कुठेही ग्रॅनी स्मिथचे झाड असो, ते कलमांच्या अखंड साखळीने ईस्टवुडच्या त्या एका झाडाचेच अंग आहे.

ही साखळी पुढे चालली ती शेजाऱ्यांमुळे. रोप ओळखल्यानंतर मारिया दोनच वर्षे जगली. टॉमस १८७६ मध्ये गेला. एडवर्ड गॅलर्ड या शेजारच्या बागाईतदाराने त्या झाडाची कलमे मोठ्या प्रमाणात लावली आणि पुढे स्मिथांची जमीनही घेतली. १८९० मध्ये कॅसल हिलच्या कृषी प्रदर्शनात हे फळ ‘स्मिथ्स सीडलिंग’ म्हणून मांडले गेले. पुढच्याच वर्षी ‘ग्रॅनी स्मिथ्स सीडलिंग’, म्हणजे स्मिथ आजीचे रोप, या नावाने त्याला स्वयंपाकाच्या सफरचंदांत बक्षीस मिळाले. म्हणजे मधल्या काळात कुणाला तरी वाटले, की नुसते स्मिथ पुरेसे नाही, बाईचा उल्लेख हवा. सातबाऱ्यावर नसलेली बाई फळाच्या नावात आली, हे काम कुठल्या सरकारी कचेरीने केलेले नाही. ते तिला हाक मारणाऱ्या शेजारपाजाराने केले. त्या न कळलेल्या माणसाचे मला फार कौतुक वाटते. १८९५ मध्ये सरकारी फळतज्ज्ञ ॲल्बर्ट बेन्सन यांनी बाथर्स्टच्या प्रायोगिक शेतावर त्याची लागवड केली आणि ते निर्यातीला योग्य म्हणून यादीत आले. उशिरा पिकणारे आणि दीर्घ काळ टिकणारे फळ लांबच्या समुद्रप्रवासाला उत्तम. पेट्या भरभरून ते इंग्लंडच्या बाजारात जाऊ लागले.

मारियाची कबर राइडच्या सेंट ॲन्स चर्चच्या आवारात आहे. तिच्या मुलांचा वंश त्या भागात वाढला आणि आपला वंशवृक्ष लावणाऱ्यांना एक मोठी सोय मिळाली. न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून मृत्यूच्या दाखल्यात मृताचे आईवडील, जन्मस्थळ, वसाहतीत किती वर्षे, लग्न कुठे आणि कुणाशी, किती मुले हयात आणि किती गेली, इतके सगळे लिहिण्याची पद्धत होती. इंग्लंडचा दाखला यापुढे अगदी कोरडा. त्यामुळे ससेक्समध्ये हरवलेल्या बाईचे माहेर पुष्कळदा सिडनीत सापडते, तिच्या शेवटच्या कागदावर. फक्त तो तपशील कुणी सांगितला हे पाहायचे, कारण आईचे माहेर मुलांना कितपत माहीत होते यावर त्याची सत्यता ठरते. मग दाखल्यावरून लग्नाच्या नोंदीकडे, तिथून बाप्तिस्म्याकडे असे एकेक पाऊल मागे जायचे आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कागदाने पडताळायचे.

ईस्टवुडला १९८५ पासून दर वर्षी ग्रॅनी स्मिथच्या नावाने उत्सव भरतो. आज त्या उपनगरात चिनी आणि कोरियन वंशाची वस्ती मोठी आहे. तीही सगळी समुद्र ओलांडून आलेली माणसे. मारियाचा शोध तर बराचसा लागला आहे. मला ओढ लागते ती त्याच जहाजावरच्या इतर बायकांची. बेकलेच्याच, पदरी पोरे घेऊन निघालेल्या, ज्यांच्या शेतात ओढ्याकाठी काही उगवले नाही. त्यांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि गावाने गरिबांवर केलेल्या खर्चाच्या वह्या पूर्व ससेक्सच्या दप्तरखान्यात, ब्रायटनजवळच्या ‘द कीप’मध्ये मागता येतात. जहाजाच्या याद्या सिडनीच्या सरकारी दप्तरात आहेत. नवऱ्याच्या नावाने सुरुवात करायची, लग्नाची नोंद काढायची, आणि माहेरचे आडनाव हाती आले की त्या बाईचे स्वतंत्र पान उघडायचे.